पेटीवाल्यांची पाटी

दुकानावरील पाटी ही वस्तू दिसते तितकी साधी नसते. परगावची पाटी गिऱ्हाइकास आत बोलावते. पुण्याची पाटी पुष्कळदा, हे गिऱ्हाईक आत येण्यास पात्र आहे की नाही, याची आधी चौकशी करते. 'आमची कोठेही शाखा नाही' हे वाक्य ज्या दुकानदाराने प्रथम रंगवून घेतले असेल, त्यास अभिमान विक्रीचा नव्हता, न वाढण्याचा होता. या अभिमानाची थट्टा आजवर भरपूर झाली आहे. परंतु त्याच्या मुळाशी जी एक निश्चिंती होती, तिच्याकडे थट्टा करणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. ज्याला आपली गरज आहे तो आपल्याला शोधीत येईल, आणि शोधीत येणाऱ्याला वाट सांगणारी माणसे गल्लीच्या तोंडाशी उभी असतील, अशी ती निश्चिंती होती.

ती माणसे आता तेथे उभी नाहीत. जी आहेत तीही नवखी आहेत. शोधणारा मनुष्य पानपट्टीवर विचारीत नाही, देवळाच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारीत नाही; तो हातातील फोनला विचारतो, आणि फोनला जेवढे कळले असेल तेवढेच तो सांगतो. लहान दुकानदाराने आपला ठावठिकाणा या नव्या वाटाड्याच्या कानावर कसा घालावा, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे. साहित्याच्या मासिकात ही बाजारगप्प कशाला, असे काही वाचक म्हणतील. गेले वर्षभर एका पेटीवाल्यांच्या संगतीने आम्ही या विषयाचा जो अनुभव घेतला, त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, हा प्रश्न व्यापाराचा दिसत असला तरी मुळात तो लेखनाचा आहे.

हे पेटीवाले म्हणजे पुण्याच्या एका जुन्या पेठेत हार्मोनियम दुरुस्त करणारे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. दुकान त्यांच्या वडिलांनी घातलेले. आमच्या मातोश्रींची पेटी वडिलांनी एकदा आणि यांनी दोनदा उघडून सुरात आणली आहे. म्हणजे ओळख दोन पिढ्यांची. भजनी मंडळे, गायनाच्या शिकवण्या घेणाऱ्या बाया, नाटकमंडळ्यांतील जुने साथीदार यांच्या शिफारशीवर दुकान चाले. एका शिक्षिकेच्या हाताखाली तीस-चाळीस मुली शिकत, आणि त्या सगळ्या घरांतील पेट्या ओळीने याच एका दुकानात येत. त्या शिक्षिका आता राहिल्या नाहीत. त्यांच्या शिष्यांची मुले वाघोलीस, बाणेरास, पिंपळे सौदागरास राहतात. त्यांच्यापैकी काही पेटी शिकतातही. परंतु शिकवणी पडद्यावरून होते, आणि शिकविणारा कधी नागपूरचा तर कधी न्यू जर्सीचा असतो. पेटीचा भाता फुटला तर पेठेतली गल्ली तो कोठून सांगणार?

पेटीवाल्यांचे चिरंजीव एका कारखान्यात हिशेब पाहतात. 'दिवाळीपर्यंत पाहू, नाही तर गाळा भाड्याने देऊ,' असे त्यांनी वडिलांना उन्हाळ्यात सांगितले, आणि वडिलांनी ते आम्हांस सांगितले. जुन्या पेठेतला गाळा भाड्याने देणे म्हणजे काय, हे वाचकांस सांगावयास नको. तेथे मोबाइलची आवरणे विकणारे दुकान येते.

'काका, फोनवर विचारले तर तुमचे दुकान सापडत नाही,' असे आम्ही म्हणालो तेव्हा त्यांनी हातातले काम खाली ठेवले नाही. 'सर, रेडिओवाल्यांनी १९४० साली पेटीला बंदी केली, ती १९७१ सालापर्यंत. एकतीस वर्षे रेडिओवर पेटी नव्हती. माझ्या वडिलांनी हे दुकान त्याच एकतीस वर्षांत उभे केले. तुमच्या गूगलवर नसलो म्हणून काय मोठे बिघडते?'

युक्तिवाद ऐकण्यासारखा होता आणि इतिहासही खरा होता. फरक एवढाच की, पेटी कोठे दुरुस्त होते हे लोक रेडिओला विचारीत नसत. रेडिओने पेटी वाजविली नाही, पण पेटीवाल्यांची वाट त्याने अडविली नव्हती. आज वाट सांगणाराच गप्प आहे.

या वाटाड्याची रीत थोडक्यात सांगितली पाहिजे. जाळ्यावरील पृष्ठे एकमेकांस दुव्यांनी जोडलेली असतात. शोधयंत्राचे हस्तक, म्हणजे अर्थात माणसे नव्हेत, एका पृष्ठावरून दुसऱ्यावर रात्रंदिवस हिंडत असतात, दिसेल ते वाचतात, आणि कोणता शब्द कोठे आला याची सूची करून ठेवतात. जाड ग्रंथाच्या शेवटी असते तशीच सूची. फक्त ग्रंथ साऱ्या जगाचा. आपण प्रश्न विचारतो तेव्हा यंत्र जग धुंडाळीत नाही, आपली सूची चाळते. सूचीत नोंद नाही तर त्याच्या लेखी दुकान नाही.

नोंद असली तरी दहा हजार नोंदींत कोणाची आधी सांगावयाची? १९९४ साली याहू निघाले तेव्हा ती स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांनी हाताने केलेली यादी होती. १९९५ साली अल्टाव्हिस्टा आले. त्या काळच्या यंत्रांचा भर पृष्ठावरील शब्दांवरच असे, आणि एकच शब्द शंभर वेळा लिहून, तोही पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत, त्यांना फसविणे सोपे असे. १९९८ साली स्टॅनफर्डच्याच लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी जी युक्ती मांडली, ती आमच्या व्यवसायातील मंडळींना ऐकताच ओळखीची वाटावी. कोणत्या शास्त्रीय निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला, याची सूची यूजीन गारफील्ड यांनी १९६४ सालापासून प्रसिद्ध केली होती, आणि लोक तीवरून निबंधांचे वजन मोजू लागले होते. पेज आणि ब्रिन यांनी तोच न्याय जाळ्यास लावला. एखाद्या पृष्ठाकडे ज्याने दुवा दिला त्याने त्याची शिफारस केली असे समजावे. आणि शिफारस करणारा स्वतः जितका मान्यवर, तितकी त्याच्या शिफारशीची किंमत अधिक. पुढे या मापात इतर पुष्कळ मापे मिसळली, परंतु गूगलचा पाया हा होय. (प्राध्यापकांनी परस्परांचे उल्लेख करून गारफील्डच्या सूचीचे काय केले, हा वेगळा विषय आहे आणि तो या मासिकास झेपणार नाही.)

हे सर्व आम्ही पेटीवाल्यांना मराठीत समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, मग फळीवरची लांबट वही काढून आमच्यापुढे ठेवली. तारीख, नाव, पेटीचे वर्णन, बिघाड, आणि शेवटचा रकाना 'मार्फत'. प्रत्येक ओळीस कोणाच्या ओळखीने गिऱ्हाईक आले त्याचे नाव. 'मोठ्या बाईंनी पाठवलेले असले की ती पेटी मी आधी घेत असे,' ते म्हणाले. 'मग तुमच्या त्या दोन पोरांनी नवीन काय केले?'

यावर आम्हांस काही सुचले नाही; आणि पेटीवाल्यांचा या विषयाशी जो थोडासा सलोखा झाला तो येथून.

चिरंजीवांनी तीन वर्षांपूर्वी एक संकेतस्थळ करवून ठेवले होते. ते पाहिले तेव्हा यंत्राच्या मौनाचे कारण कळले. पहिले पान एका मोठ्या सुशोभित चित्राचे होते. चित्रात सरस्वती, वीणा, मोर, आणि त्यांच्यामध्ये दुकानाचे नाव, पत्ता व फोन. माणसाच्या डोळ्यांस ते वाचता येई. यंत्राचा हस्तक मुख्यतः अक्षरे वाचतो, आणि तेथे अक्षर असे नव्हतेच, अक्षरांचे चित्र होते. त्याखाली मराठी मजकूर होता. तो हस्तपत्रक छापणाऱ्याकडून जसाच्या तसा उचललेला, म्हणजे जुन्या छपाईच्या फाँटमध्ये. या फाँटांची गंमत नव्या पिढीस ठाऊक नसेल. त्यांत पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठविलेले असते एखादे रोमन अक्षर. फाँट काढून घेतला की 'सुरेल सेवा' या शब्दांच्या जागी कंस, उद्गारचिन्हे आणि परकी अक्षरे यांचा चिवडा उरतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून स्वतःचे स्थान आहे, तरी आमच्या छापखान्यांतून आणि कचेऱ्यांतून जुने फाँट पुढे कितीतरी वर्षे चालत राहिले, आणि त्या वर्षांतला पुष्कळसा मराठी मजकूर यंत्राच्या दृष्टीने मराठीच नाही. आमच्या समजुतीने मराठीचे हे नुकसान लहान नव्हे. त्याबद्दल जितकी हळहळ व्हावयास हवी तितकी झालेली नाही.

तिसरी गोष्ट अधिक साधी. प्रत्येक पृष्ठास एक शीर्षक असते. शोधयंत्राच्या उत्तरात बहुधा तेच ठळक अक्षरांत दिसते. ग्रंथाच्या कण्यावरील नावासारखे ते असते. या पृष्ठाचे शीर्षक होते 'होम'. ग्रंथालयातील सगळ्या पुस्तकांच्या कण्यावर 'पुस्तक' असे छापले तर जे होईल ते झाले होते.

आणि मजकूर तरी काय? 'गुणवत्ता हेच आमचे ब्रीद', 'ग्राहकांचे समाधान हाच आमचा नफा', 'एकवार अवश्य भेट द्या'. हार्मोनियम हा शब्द एकदा, दुरुस्ती हा शब्द शून्य वेळा. तो मजकूर मिठाईच्या दुकानास, वकिलाच्या कचेरीस किंवा दातांच्या दवाखान्यास सारखाच शोभला असता. ज्या मनुष्यास पेटीविषयी दोन तास बोलता येते, त्याच्या संकेतस्थळावर पेटीविषयी एक वाक्य नसावे, हे आम्हांस फार लागले. पण विचार करता हे आपल्याकडच्या रीतीस धरूनच आहे. आपण काय करतो हे सांगणे म्हणजे आत्मस्तुती, अशी आपली शिकवण. म्हणून लिहावयाची वेळ आली की, खऱ्या कामाविषयी संकोच वाटतो आणि खोट्या ब्रीदवाक्यांविषयी वाटत नाही.

याच सुमारास कळले की, चिरंजीवांनी मध्यंतरी एका कंपनीस या कामासाठी दरमहा पैसे भरले होते. रक्कम त्या गाळ्याच्या भाड्याशी स्पर्धा करील अशी होती. 'तीस दिवसांत पहिला क्रमांक' असे लेखी आश्वासन होते. गूगलच आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगते की, पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि केलेल्या सुधारणांचा परिणाम दिसावयास कित्येक महिनेही लागू शकतात. ते मार्गदर्शन फुकट आहे. कदाचित म्हणूनच कोणी वाचीत नाही. कंपनीने तिच्या परीने श्रम केले होते. कोठल्या कोठल्या परदेशी पृष्ठांवर, ज्यांत जुगाराचीही काही होती, या पेठेतल्या दुकानाचे दुवे टांगले होते. पृष्ठाच्या पोटात न दिसणाऱ्या जागी 'हार्मोनियम' या शब्दाची रास घातली होती. ज्या जागेचा क्रम लावताना आपण विचार करीत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीर केले आहे, नेमक्या त्या जागी. विकतच्या शिफारशींवर गूगलने २०१२ सालच्या एप्रिलात मोठा हल्ला केला आणि त्यापूर्वी २०११ साली निकृष्ट मजकुराच्या पृष्ठांवर. या दोन मोहिमांस पेंग्विन आणि पांडा अशी लाडिक नावे आहेत. २०१६ सालानंतर असले दुवे यंत्र बहुधा हिशेबातच धरीत नाही. म्हणजे चिरंजीवांनी जे विकत घेतले ते शून्य होते. तेवढ्यावर भागले असते तर बरे.

कंपनीने अभिप्रायही लिहविले होते. नकाशावर दुकानाच्या नावाखाली लोक आपले मत लिहितात, पाचांपैकी तारे देतात, हे वाचकांस ठाऊक आहेच. या दुकानास पाच-पाच तारे देणारी अकरा मते होती. त्यांपैकी एकात 'खोल्या स्वच्छ, जेवण रुचकर' असे होते.

आम्ही हसलो. पेटीवाले हसले नाहीत. त्यांनी अकराही मते आमच्याकडून मोठ्याने वाचून घेतली, वही काढली, आणि अकरा नावे एकेक करून वहीत शोधली. एकही सापडले नाही. 'ज्याची पेटी मी उघडलेली नाही त्याने मला शाबासकी का द्यावी?' त्यांचा चेहरा असा झाला होता की, जणू कोणी त्यांच्या नावावर पैसे उसने घेतले आहेत. ती मते काढून टाका, असा त्यांनी आग्रह धरला. दुकानदाराला आपल्याविषयीचे मत स्वतः पुसता येत नाही. नियमभंगाची तक्रार करता येते, मग गूगलच्या मनास येईल ते होते. तक्रार केली. चार मते गेली, सात राहिली. परंतु दुकानदाराला उत्तर लिहिता येते, असे कळताच पेटीवाल्यांनी प्रत्येकाखाली एकच उत्तर लिहविले: 'आपली पेटी आमच्याकडे आलेली नाही. आपला काही गैरसमज झाला असावा.' चिरंजीवांनी डोक्याला हात लावला. व्यापाराचे शास्त्र त्यांच्या बाजूने असेल. आम्ही मात्र ती सात उत्तरे त्या दुकानाच्या नावावरचा सर्वांत विश्वसनीय मजकूर समजतो, आणि आमचा तर्क आहे की वाचणारेही तसेच समजत असावेत.

मग नव्याने लिहावयास बसलो. काम आमचे, शब्द त्यांचे. दर शनिवारी सायंकाळी ते पेटी उघडून बसत आणि आम्ही वही घेऊन. एक विषय, एक पृष्ठ, असे ठरविले होते. 'पावसाळ्यात पट्टी का अडकते?' हा पहिला विषय. लाकूड दमट हवेत फुगते, शेजारशेजारच्या पट्ट्या एकमेकींस घासू लागतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. लोक घाबरून पेटी उन्हात ठेवतात. त्याने सरसाचे सांधे सुटतात आणि लाकडास चीर जाते. पेटी कोरड्या खोलीत ठेवावी, आच्छादन घालावे, आणि रोज थोडी वाजवावी. न वाजविलेली पेटी वाजविलेल्या पेटीहून लवकर बिघडते. दुसरा विषय, 'एकच सूर गप्प का झाला?' बहुतेक वेळा पितळेच्या पातीखाली धुळीचा कण अडकलेला असतो. तो काढताना टाचणीने पाती खरवडू नये. टोकाकडे खरवडले तर सूर चढतो, बुडाकडे खरवडले तर उतरतो, आणि मग साधे साफ करण्याचे काम सूर लावण्याचे होऊन बसते. तिसरा, 'भाता फुटला हे कसे ओळखावे?' भाता भरून घ्यावा, एकही पट्टी दाबू नये, आणि तो किती वेळात बसतो ते पाहावे. लगेच बसला तर वारा कोठेतरी निसटतो आहे. जुन्या घरात असाल तर आधी उंदराचा संशय घ्यावा.

हे शेवटचे वाक्य आम्ही गाळणार होतो. त्यांनी ते ठेवावयास लावले.

अडचण आली ती शब्दांची. आमच्या कागदावर प्रथम 'संवादिनी' हा शब्द उतरला. आम्हांस तो आवडतो. पेटीवाले जन्मभर 'पेटी' म्हणत आले. आणि ज्याची पेटी बिघडली आहे तो काय म्हणतो? गूगल संकेतस्थळाच्या मालकास सर्च कन्सोल नावाची एक विनामूल्य सोय देते. आपले पृष्ठ कोणत्या शब्दांच्या शोधात किती वेळा लोकांपुढे आले आणि त्यांपैकी कितींनी ते उघडले, हे तीत दिसते. दोन महिन्यांनी ती उघडली. 'संवादिनी दुरुस्ती' असे शोधणारा एकही मनुष्य आमच्या पृष्ठापर्यंत आलेला नव्हता. लोक रोमन लिपीत 'हार्मोनियम रिपेअर निअर मी' असे विचारीत होते, 'हार्मोनियम की स्टक' असे विचारीत होते, 'हार्मोनियम आवाज येत नाही' असे अर्धे इंग्रजी अर्धे मराठी विचारीत होते. नुसता 'पेटी' हा शब्द तर निरुपयोगीच; चैत्र-वैशाखात तो विचारणाऱ्यास हापूस आंबा हवा असतो. भाषेच्या प्राध्यापकास एवढा प्रामाणिक कोश दुसरीकडे मिळणार नाही. माणसे लिहिताना जे शब्द वापरतात ते आपण वाचतो. परंतु कोणी ऐकत नाही अशा समजुतीने, निकडीच्या वेळी, ती जे शब्द वापरतात ते येथेच दिसतात.

तडजोड अशी झाली की, शीर्षकात 'हार्मोनियम (पेटी) दुरुस्ती, पुणे' असे यावे, मजकुरात पेटी चालावी, आणि इंग्रजीतही प्रत्येक विषयाचे एकेक पृष्ठ असावे. एकाच शब्दाची रास घालण्याचे कारण आता उरलेले नाही. गूगलने २०१९ साली वाक्याचा अर्थ संदर्भाने लावणारी नवी पद्धत आणली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती सत्तरांहून अधिक भाषांना लावली; त्यांत मराठी आहे. 'पट्टी अडकली' असे लिहिले काय किंवा 'पट्टी दाबलेलीच राहते' असे लिहिले काय, यंत्राला थोडेफार कळते. आम्हांस हे ऐकून बरे वाटले, कारण एकच वाक्य चार प्रकारे लिहिण्याची शिक्षा टळली.

नकाशावरील नोंद मात्र निराळे प्रकरण होते. गूगलच सांगते त्याप्रमाणे जवळपासचे दुकान दाखविताना ते तीन गोष्टी पाहते: विचारलेल्या कामाशी दुकानाचा संबंध किती, विचारणाऱ्यापासून ते किती दूर, आणि त्याचा नावलौकिक किती. अंतर आपल्या हाती नाही. बाणेरच्या माणसाला बाणेरचे वाद्यांचे दुकान आधी दिसणारच. पण पहिली गोष्ट आपल्या हाती आहे आणि तेथेच घोटाळा होता. दुकानाचा वर्ग 'फर्निचर' असा पडला होता, खूण शेजारच्या गल्लीत होती, आणि फोनचा क्रमांक बंद पडलेल्या घरच्या दूरध्वनीचा होता. हे सर्व दुरुस्त करावयाचे तर नोंद आपलीच आहे हे सिद्ध करा, असे गूगलने कळविले. सिद्ध कसे करावयाचे? रस्ता, दुकान आणि दुकानावरील पाटी दिसेल असे चलच्चित्र काढून पाठवावे. पाटी दाखविली, परंतु वडिलांच्या वेळची ती पाटी उन्हापावसाने इतकी धुवून निघाली होती की, तीवर नावाचा अर्धा भागच उरला होता. पहिले चित्र नामंजूर झाले. शेवटी पेंटर बोलावून ती लाकडी पाटी नव्याने रंगविली, मग चित्र मंजूर झाले. साऱ्या जगाची सूची करणाऱ्या यंत्राने अखेर रंगवलेल्या फळीचाच दाखला मागावा, याचे पेटीवाल्यांना फार समाधान वाटले. पाटीवर 'आमची कोठेही शाखा नाही' असे नव्हते. आता आहे.

दुवे कोणाकडून मिळवावे, हा प्रश्न त्यांनी आपल्याच पद्धतीने सोडविला. वहीतील 'मार्फत' रकान्यातल्या जिवंत माणसांना त्यांनी ओळीने फोन केले. एका भजनी मंडळाचे संकेतस्थळ निघाले. एक शिष्या परदेशात शिकवण्या घेते, तिने आपल्या पृष्ठावर 'पेटीची निगा' या सदरात आमच्या तिन्ही लेखांचे दुवे दिले. एवढेच. पाच-सहा दुवे असतील. कंपनीने टांगलेले शेकडो एकीकडे, आणि ज्यांच्या पेट्या खरोखर या हातांखालून गेल्या त्यांचे हे पाच-सहा एकीकडे.

श्रावण उजाडेपर्यंत काही घडले नाही, हेही सांगितले पाहिजे. मग दमट हवेबरोबर पट्ट्या अडकू लागल्या, आणि तो प्रश्न विचारणाऱ्यांपुढे पेटीवाल्यांचे पान येऊ लागले. पहिल्या क्रमांकावर नव्हे. चौथ्या, कधी सहाव्या. श्रावणात सात पेट्या आल्या, भाद्रपदात, गणपतीच्या आधी, अकरा. गेल्या वर्षी त्याच दोन महिन्यांत मिळून पाच आल्या होत्या. दिवाळी झाली. चिरंजीवांनी गाळ्याचा विषय काढला नाही. पण टाकलाही नाही. अठरा पेट्यांनी संसार चालत नाही हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि वडिलांनंतर सूर लावणार कोण, या प्रश्नाला कोणत्याही शोधयंत्राकडे उत्तर नाही.

यंत्रही स्थिर नाही. २०२४ सालापासून भारतातही गूगल पुष्कळ प्रश्नांवर दुव्यांची यादी देण्याआधी स्वतःच रचलेले उत्तर वर छापते. 'पावसाळ्यात पट्टी का अडकते?' याचे उत्तर आता विचारणाऱ्यास आमच्या पानावर न येताच मिळू शकते. एके दिवशी ते उत्तर पाहिले तर त्यात उन्हाची ताकीद होती, रोज वाजविण्याचा सल्ला होता, आणि खाली इतर दोन पृष्ठांबरोबर आमच्या पृष्ठाचे नाव बारीक अक्षरांत होते. आम्हांस राग आला. चाळीस वर्षांचे ज्ञान काढून घ्यावयाचे आणि गिऱ्हाईक दारापर्यंत येऊ द्यावयाचे नाही, हा कोठला न्याय, असे आम्ही तावातावाने बोललो. आमच्या मते हा प्रश्न वृत्तपत्रांना, ग्रंथकारांना आणि आम्हां मास्तरलोकांना पुढे फार जाचणार आहे. पेटीवाले भात्याला चामडे लावीत होते. 'सांगू दे की,' ते म्हणाले. 'उन्हात ठेवू नका एवढे ऐकून चार पेट्या वाचल्या तर वाचू देत. भाता शिवायला ते यंत्र येणार आहे का?'

परवा वाघोलीहून एक बाई आल्या. पेटी त्यांच्या सासूबाईंची, नऊ वर्षे कपाटावर पडलेली. मुलीला शिकावयाचे आहे म्हणून खाली काढली तर भाता भरेना. त्यांनी तिसरे पान वाचले होते आणि घरी परीक्षा करूनच आल्या होत्या. 'उंदीरच आहे हो काका,' असे त्या दारातूनच म्हणाल्या. पेटीवाल्यांनी पेटी उघडली, आत पाहिले, मान डोलावली. मग वही घेतली. तारीख, नाव, पेटी जुनी सागवानी, भाता उंदराने कुरतडलेला. 'मार्फत' या रकान्याशी ते थांबले. आम्ही वाकून पाहिले. चिरंजीव अशा ठिकाणी 'गूगल' असे लिहितात. त्यांनी थोडा विचार करून लिहिले: 'वाचून'.